वडिलांचा ट्रॅक्टर

आमच्या वडिलांनीं १९७८ सालीं घेतलेला डिझेलचा ट्रॅक्टर राहुरी तालुक्यांतील आमच्या मळ्यांत लिंबाच्या झाडाखालीं सात वर्षें उभा होता. वडील निवर्तल्यानंतर उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या ओढून झाल्या, आणि पुढें त्याला कोणीं हात लावला नाहीं. त्या हंगामांत तो शेवटीं चालविणारा मींच होतों, हें आरंभींच सांगितलें पाहिजे.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टींत मी घरीं गेलों, तेव्हां धाकट्या बंधूनें तो भंगारांत देण्याचें ठरविलें होतें. सोमवारीं भंगारवाला येणार होता. आईनें विरोध केला नाहीं. ती त्या दिवशीं फक्त जेवली नाहीं. तें पाहून मी बंधूस म्हणालों, "मला चार दिवस दे."

वाचकहो, मी विज्ञानाचा शिक्षक आहें. वीस वर्षें मी फळ्यावर डिझेल इंजिनाची आकृति काढीत आलों आहें. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडावी लागते; डिझेलच्या इंजिनांत ती लागत नाहीं. तेथें नुसती हवा आंत घेऊन ती सुमारें १६ ते २० पट दाबतात. त्या दाबानें ती ५०० अंशांहून अधिक तापते, आणि तींत तेलाचा बारीक फवारा सुटतांच तें तेल आपोआप पेटतें. रुडॉल्फ डिझेल यानें असें इंजिन १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथें यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. हें सारें मला मुखोद्गत होतें.

आम्हां दोघां भावांनीं इंजिनांतील ऑइल बदललें, नवी बॅटरी आणली, इंजिन हातानें फिरवून तें जाम झालें नसल्याची खात्री केली. मग दोन दिवस स्टार्टर मारला. इंजिन नुसतें घरघरे. पेट कांहीं घेईना. "यंत्र म्हातारें झालें," असें मी शेवटीं म्हणालों.

शनिवारीं आईनें आम्हांस न विचारतां गांवांतील मिस्तरीस निरोप धाडला. मिस्तरी परगांवीं गेला होता; पान्यांची पिशवी घेऊन सायकलवरून आला तो त्याचा मुलगा. हा माझाच विद्यार्थी, इयत्ता नववीतला. त्याच्या प्रगतिपुस्तकांत दोनच महिन्यांपूर्वीं मीं स्वतः लिहिलें होतें : "विज्ञानांत गति नाहीं." मला पाहून तो दारांतच थबकला. मलाहि काय बोलावें तें सुचेना.

त्यानें एकदां स्टार्टर मारावयास सांगितलें आणि धुराड्याकडे पाहिलें. "सर, पांढरा धूरसुद्धां येत नाहीं. म्हणजे डिझेल वरपर्यंत पोंचतच नाहीं." दोन दिवसांत हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. त्यानें फिल्टरची वाटी उघडली. आंत तांबडें पाणी आणि गंजाचा गाळ! तो हळूच म्हणाला, "सर, टाकी रिकामी ठेवली होती का?"

वडील दररोज सायंकाळीं काम संपल्यावर टाकी काठोकाठ भरून ठेवीत. मी त्यांस हंसत असें. रिकाम्या टाकींत हवा असते. रात्रीं गारठा पडला कीं त्या हवेंतील बाष्पाचें पाणी होतें. पाणी डिझेलहून जड असल्यामुळें तळाशीं बसतें, आणि पत्रा गंजतो. बाष्पाचा हा धडा मी दरवर्षीं शिकवितों. तरी त्या हंगामाच्या अखेरीस टाकी जवळजवळ रिकामी सोडून शाळेस परत गेलेला मनुष्य मीच होतों. दोष यंत्राच्या वयाचा नव्हता.

मुलानें टाकी उतरवून धुतली, नवा फिल्टर बसविला, कापडांतून गाळून डिझेल भरलें. "आतां लाइनींत एअर धरली असेल," तो म्हणाला. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून त्यानें पंपाची लहान दांडी हातानें मारावयास घेतली. आधीं फेंस आला, मग बुडबुडे, मग अखंड धार. स्क्रू घट्ट केला. नोझलचे नट सैल करून तेथीलहि हवा काढली. अंधार पडूं लागला होता. तिसऱ्या खेपेस धुराड्यांतून पांढरा धूर निघाला, एक ठोका पडला, दुसरा पडला, आणि इंजिन चालूं झालें. आई पिठाचे हात तसेच घेऊन अंगणांत आली आणि बराच वेळ ऐकत उभी राहिली. सोमवारीं भंगारवाला रिकाम्या हातीं परत गेला.

जूनमध्यें शाळा उघडल्यावर तो गंजका फिल्टर मीं वर्गांत नेला. डिझेल इंजिनाचा पाठ त्या दिवशीं त्या मुलानें दिला आणि मी मागच्या बाकावर बसलों. त्याचे गुण अजून बेताचेच आहेत. परंतु हवेच्या दाबावर तो आतां मला असे प्रश्न विचारतो, कीं त्यांचें उत्तर देण्यास मला कधीं कधीं दुसऱ्या दिवसाची मुदत मागावी लागते. त्याच्या वडिलांस शाळेंत बोलावून, माझा तो शेरा उतावीळपणाचा होता, हें मीं त्यांस सांगितलें. पालकांनीं मुलाचें प्रगतिपुस्तक अवश्य पाहावें. पण तो घरीं कोणतें काम मन लावून करतो, तेंहि आम्हां शिक्षकांस येऊन सांगावें. आम्हांस तें वर्गांत बसून दिसत नाहीं.

पावसापूर्वीं त्या ट्रॅक्टरनें आमचें दोन एकर रान नांगरून निघालें. टाकी आतां बंधु रोज सायंकाळीं भरतो. आणि मी सुट्टींत घरीं असलों, म्हणजे तें काम माझ्याकडे असतें.