दोन गोळ्या

माणूस डॉक्टरांशी खोटे का बोलतो, हे आईच्या आजारपणापर्यंत मला ठाऊक नव्हते. हुडहुडी भरून ताप चढलेल्या आईला त्या रात्री रुग्णालयात नेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "घरी काही अँटिबायोटिक दिलंत का?"

"छे हो!" मी म्हणालो. दारापर्यंत जाऊन परत फिरलो आणि कबूल केले, की दोन गोळ्या दिल्या होत्या. गेल्या वर्षी माझा घसा धरला होता, त्यातली अर्धी पट्टी कपाटात उरली होती.

बाई रागावल्या नाहीत. तेच जास्त लागले. "आता ब्लड कल्चरमध्ये जंतू उगवले म्हणजे मिळवली," एवढेच म्हणाल्या.

'कल्चर' म्हणजे संस्कृती, असे आम्ही वर्गात सांगतो. इथे तिचा अर्थ पेरणी असा निघाला. रक्तात जंतू इतके विरळ असतात, की नुसता थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून ते सहसा सापडत नाहीत. म्हणून रक्त पोषक द्रवाच्या बाटल्यांत घालून अंगाच्या उबेत ठेवतात. जंतू वाढून कार्बन डायऑक्साइड सोडू लागले, की यंत्र खूण देते. आईच्या दोन्ही हातांतून वेगवेगळे रक्त घेतले. कातडीवरचा एखादा उपटसुंभ जंतू सुईबरोबर आत शिरू शकतो ना! दोन स्वतंत्र पोथ्यांत एकच पाठ मिळाला, तर तो लेखनिकाचा प्रमाद नव्हे, असे आम्ही मराठीवाले मानतो. तेव्हा हे मला लगेच पटले.

पण माझ्या गोळ्यांनी अर्धमेले झालेले जंतू उगवलेच नाहीत तर? सलाइनमधून औषध सुरू झाले होते, पण ते अंदाजाने. आई ग्लानीत वडिलांना हाका मारीत होती. वडिलांना जाऊन अकरा वर्षे झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही हातांच्या बाटल्यांनी खूण दिली. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्रामने १८८४ साली प्रसिद्ध केलेली रंगाची परीक्षा आजही चालते. जंतूंनी जांभळा रंग सोडला, गुलाबी घेतला. तेवढ्यावरून बाईंनी औषध बदलले. मागाहून नाव कळले, ई. कोलाय. मूत्रमार्गातून रक्तात शिरलेला.

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेत अकरावीला माझ्याकडे मराठी शिकलेली एक मुलगी भेटली. तिने एक बशी दाखवली. जंतूंच्या सायीवर औषध लावलेल्या कागदी टिकल्या होत्या. काहींभोवती स्वच्छ वर्तुळ पडले होते. एकीला मात्र जंतू थेट खेटून वाढले होते.

"सर, ही तुमची गोळी."

त्या गोळीला जंतूंनी दादच दिली नव्हती. म्हणूनच तर ते बाटलीत उगवले!

वर गेलो, तो आई उठून बसली होती. चहात साखर कमी पडली म्हणून नर्सबाईंशी वाद घालीत होती.