साताऱ्याहून औंधकडे

साताऱ्याहून कोरेगाव, रहिमतपूरमार्गे औंधला जाणारा रस्ता काही फार लांबचा नाही. तरीही तो पर्जन्यछायेच्या प्रदेशात, म्हणजे मोसमी वाऱ्यांचा बहुतेक पाऊस सह्याद्रीवरच रिता झाल्याने जेथे थोडेच पाणी पडते अशा मुलखात शिरत असल्यामुळे, एवढ्याशा वाटेत शेतीचा नूर पार पालटून जातो. संगम माहुलीजवळ कृष्णा ओलांडली की बागायती पट्टा सुरू होतो आणि उसाच्या फडांना लागून आल्याचे गादीवाफे, म्हणजे भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच बांधलेले मातीचे सपाट पट्टे, दिसू लागतात. पाणी साचले तर आल्याचा कंद कुजतो, म्हणून ही उंची राखलेली असते आणि वाफ्यावरून ठिबकच्या काळ्या नळ्या फिरवलेल्या असतात. दर पडलेला असला तर शेतकरी कंद काढण्याची घाई न करता तो रानातच राखून ठेवतो. पिकापेक्षा बाजाराचाच अंदाज येथे अधिक घ्यावा लागतो.

रहिमतपूर मागे टाकून खटाव तालुक्यात शिरल्यावर ऊस विरळ होत जातो, ज्वारी-बाजरीची राने पसरतात आणि डोंगर बोडके होतात. अशा कोरडवाहू भागातील गावी चित्रकार राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे असावीत, याचे नवल नवख्या प्रवाशाला वाटतेच. परंतु त्यामागे योगायोग नसून एका संस्थानिकाची दृष्टी आहे.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. यमाई देवीच्या डोंगराच्या उतारावर त्यांनी १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उभारले आणि पुढच्याच वर्षी गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या राज्यघटनेद्वारे आपली सत्ता प्रजेकडे, प्रामुख्याने ग्रामपंचायतींकडे, सोपवली. या दोन घटना निरनिराळ्या मानण्याचे कारण नाही. राज्यकारभार ज्याच्या हाती द्यायचा, त्या शेतकऱ्याला उत्तम चित्रही पाहता आले पाहिजे, असाच या दोहोंचा मिळून अर्थ निघतो.

दालनांत दिवसाचा नैसर्गिक उजेड खेळेल अशी इमारतीची रचना आहे आणि रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’समोर त्या रचनेचे महत्त्व ध्यानात येते. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीला कीचकाकडे जाणे भाग पडते, तो हा प्रसंग होय. मराठी घरांना रविवर्मा परिचित झाला तो प्रामुख्याने ऑलिओग्राफमुळे, म्हणजे तैलचित्राचा आभास निर्माण करणाऱ्या रंगीत शिळाछापामुळे. मात्र छापात सपाट होऊन जाणारी वस्त्राची चुणी आणि त्वचेवरील छायेच्या मंद पायऱ्या मूळ चित्राजवळ उभे राहिल्यावरच उलगडतात. महादेव पाथरवट यांची सहा ऋतूंची शिल्पे त्यानंतर पाहावीत; वाटेवरची पिके नुकतीच न्याहाळलेल्या प्रवाशाला ती अधिक भिडतात. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्पही येथे आहे. नाकडोळ्यांच्या रेखीवपणापेक्षा आकाराच्या घडणीवर भर देणारी ही आधुनिक कृती रविवर्म्याच्या वास्तवदर्शी चित्रांच्या शेजारी ठेवण्यास चांगलेच धाडस लागले असणार. पाश्चात्त्य चित्रांच्या नकलांची मात्र संग्रहात गर्दी आहे आणि त्यांपुढे फार वेळ दवडू नये.

हा संग्रह मुंबई-पुण्यासारख्या शहरात असता तर प्रेक्षक अधिक लाभले असते हे खरे. पण ज्यांच्यासाठी तो जमवला त्यांच्यापासून तो तुटला असता. औंधला जाणाऱ्याने यमाईचे दर्शन आटोपून उरलेल्या वेळात संग्रहालय उरकू नये. सकाळचा प्रहर त्यालाच द्यावा आणि डोंगर नंतर चढावा.