कळफलकाची निवड

आष्टीचे एक अडते धान्य आणि कापसाचा व्यवहार करतात. वय पासष्टीच्या पुढे. तरुणपणी ते रेमिंग्टनच्या यंत्रावर मराठी टंकलेखन शिकले होते. पुढे पेढीवर टॅली आली, तेव्हा रोजमेळ आणि खतावणी त्यांनी स्वतःच संगणकावर घेतली. अलीकडे बोटांचे सांधे दुखू लागले आणि मुलाने सुचविले की हिशेबाचे काम आता बाहेरच्या माणसाकडे सोपवावे. ते त्यांना मानवेना. ज्याच्या हातून रोजचे येणे-देणे जाते, त्यालाच पेढीची नाडी कळते, हे व्यापारी घरांना वेगळे सांगावयास नको.

दोष बोटांइतकाच कळफलकाचाही होता. साध्या कळफलकात बटणांखाली रबराचा थर असतो. बटण तळाला टेकेपर्यंत दाबावे लागते. मेकॅनिकल कळफलकात प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच व स्प्रिंग असते. प्रचलित प्रकारात बटण सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, परंतु अक्षर २ मिलिमीटरच्या आसपासच उमटते. दुखऱ्या बोटाला एवढी सवलत फार मोठी असते.

हे स्विच जर्मनीच्या चेरी कंपनीने रूढ केलेल्या रंगांवरून ओळखले जातात. नागपूरला सीताबर्डीत अडत्यांनी तिन्ही प्रकार हाताळून पाहिले. निळ्याचा स्पष्ट खटका आणि टकटक आवाज थेट टंकलेखन यंत्राची आठवण देणारा. मन तेथेच रमले, पण तेरीज जुळवायची ती रात्री, आणि शेजारच्या खोलीत नातू निजलेला. लाल अगदी हलका व सरळ. मात्र बोट नुसते विसावले तरी शून्य उमटे. १२,५०० चे १,२५,००० व्हायला एकच शून्य पुरते! शेवटी बोटाला हलका खटका देणारा, पण टकटक न करणारा तपकिरी ठरला.

भाच्याने रंगीत दिव्यांचा, आटोपशीर कळफलक सुचविला होता. त्यात उजवीकडचा अंकांचा भागच नव्हता. टॅलीत विक्रीला एफ-८, खरेदीला एफ-९ लागते. फार लहान कळफलकात ती वरची ओळही गाळलेली असते. पेढीवर असला कळफलक काय कामाचा? दिव्यांची आरास दिवाळीलाच शोभते.

मराठी अक्षरांची चिंता मात्र अनाठायी निघाली. अक्षरांची मांडणी संगणकातील सॉफ्टवेअर ठरविते. रेमिंग्टनची जुनी सवय नव्या कळफलकावरही तशीच चालते. कापसाचे तंतू अडकले तर बटणांच्या टोप्या काढून ब्रशने साफ करता येतात, हाही लाभच.

दुपारी जीएसटीची बिले सूनबाई करतात. त्यांना तपकिरी खटका रुचेना. वेगाने लिहिताना लालच बरा वाटतो. एका संगणकाला दोन कळफलक जोडता येतात, म्हणून आता पेढीच्या मेजावर दोन आहेत, आणि सासरे सुनेच्या कळफलकाला हात लावीत नाहीत.