वार्नाचा अर्धा गुण

१९६२ सालच्या वार्ना ऑलिंपियाडमधला बोट्विनिक-फिशर डाव बरोबरीत सुटला, याचा मला कितीतरी वर्षं राग होता. एकीकडे ५१ वर्षांचा जगज्जेता, दुसरीकडे काळी मोहरी घेऊन बसलेला १९ वर्षांचा फिशर. बोट्विनिक घरून तयारी करून आला होता आणि सतराव्या चालीपर्यंत सगळं त्याच्या वहीतल्याप्रमाणे चाललं होतं. तिथे फिशरने वजिराने एफ-४ वरचं प्यादं मारलं. पांढऱ्या उंटाने तो वजीर मारला, की काळा घोडा पांढरा वजीर उचलतो. हिशेबाअंती काळ्याकडे एक प्यादं जास्त! एवढी साधी गोष्ट वहीत नव्हती. अजूनही ती चाल पटावर खेळताना मजा येते.

पुढे हत्ती-प्याद्यांच्या शेवटात डाव तहकूब झाला. बोट्विनिकने चाल पाकिटात बंद केली आणि रात्री सोव्हिएत संघ विश्लेषणाला बसला. वाचण्याची वाट संघातल्या गेलरला सुचली. दुसऱ्या दिवशी अर्धा-अर्धा गुण. ही सामूहिक कॉपी आहे, असं माझं मत. कुणी विचारलं नाही तरी ऐकवायचो.

ते बदललं काळ्याच्या बाजूने तो शेवट जिंकायला बसलो तेव्हा. प्यादं जास्त असूनही काही केल्या डाव सुटेना. राजा पुढे न्यावा तर पांढरा हत्ती मागून शह देत राहतो. रात्रीत सापडली ती फक्त दिशा. पटावर एकेक चाल बोट्विनिकलाच करायची होती आणि वाट मोडायला फिशर मोकळा होता. तहकुबीचा नियमही दोघांना सारखाच. फिशरला तेवढे मदतनीस नव्हते, हे खरं. तो मुद्दा मी सोडलेला नाही.

फिशरनेही हा डाव सोडला नाही. आपल्या निवडक साठ डावांच्या पुस्तकात तो घेतला आणि आपण जिंकू शकलो असतो, असं मांडलं. बोट्विनिकने त्याला उत्तर शोधलं, आपल्या बुद्धिबळ शाळेतल्या मुलांनाही तो शेवट अभ्यासाला दिला. त्यांत पोरसवदा कास्पारोव्ह होता. जिंकलेल्या किती डावांवर इतकं डोकं खपलं असेल?

१९७० साली बोट्विनिक आणि फिशर यांचा सामना लायडनला ठरत होता. तो फिसकटला, त्याऐवजी चौघांची स्पर्धा झाली, फिशरशिवाय. समोरासमोरचा हिशेब एका डावाचाच राहिला.