खांदा कुणाचा?

हातानं केलेलं काम तेवढं खरं, मशीनचं म्हणजे नुसती उरकाउरक, असं मी बरीच वर्षं चारचौघांत ठासून सांगत आलो. साताऱ्याचं जुनं घर दुरुस्तीला काढलं, तेव्हा सुतारकाका विजेचा रंधा घेऊन आले. मी तो पिशवीतच ठेवायला लावला. आजोबांच्या वेळच्या सागाच्या फळ्या, आणि त्यांच्यावर मशीन? मला रंध्यातून उलगडत येणारी लांब साल बघायची होती. काकांनी दोन फळ्या हातानं तासून दिल्या आणि पाणी पिता पिता म्हणाले, "सर, हाताची कला खरीच हाय. पर खांदा माझा हाय."

तेवढ्यानं माझं मत बदललं नाही. मास्तरकीची सवय, मी वादासाठी गांधीजींना साक्षीला काढायचं ठरवलं, आणि तिथंच अडकलो. 1929 साली त्यांच्याच अखिल भारतीय चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. चरखा हातापायांनी चालावा, किंमत 150 रुपयांच्या आत असावी आणि बाईमाणसाला फारशी दमछाक न होता आठ तास चालवता यावा, अशा त्याच्या अटी. त्या बक्षिसासाठी एक चरखा घडला तो आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीला. बक्षीस कुणालाच मिळालं नाही, ते असो. मी अडकलो त्या दमछाकीच्या अटीवर. ज्यांचं नाव घेऊन मी मशीनला नावं ठेवत होतो, त्यांच्या अटीत कामकऱ्याच्या अंगाचा हिशेब धरलेला होता. माझ्या अटीत तो कुठंच नव्हता.

किर्लोस्करवाडीचीच आणखी एक गोष्ट. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ जागा दिली आणि 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथं कारखाना उभा केला. त्याआधी बेळगावला असतानाच त्यांनी लोखंडी नांगर केले होते, पण ते खपेनात. लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज. आज आपण त्याला हसतो. विजेच्या रंध्यानं लाकडाचा जीव जातो, हे माझं बोलणं त्याच वाणाचं होतं.

मग मशीन पिशवीतून बाहेर आलं. पण मी पुरता पलीकडे गेलो असं कुणी समजू नये.

माझी सासुरवाडी सांगलीची. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर दारं फुगून चौकटीत बसेनात. जो तो सुताराला गाठून म्हणे, तासून द्या, आजच द्या. वीज आली तसे विजेचे रंधे फिरू लागले. ओलं दार तासलं की त्या दिवशी झकास बसतं. लाकूड वाळून आकसलं की फटीतून बोट जातं. हातरंध्यानं तसं करायला गेलं तर निम्म्यात दम लागतो, माणूस टेकतो, आणि टेकल्यावर एखादा शहाणा शेजारी सांगतो की अहो, महिनाभर वाळू द्या. तेव्हा घाईच्या कामात हात बरा, असं मी आता म्हणतो. कारण मात्र पूर्वीचं नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हेच जास्त नेमकं दिसतं. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर तारांखालच्या घोडीची जवारी काढताना कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा किंचित घासतो. एक हात जास्त फिरला की स्वर गेला. दारखिडक्यांत अशा जागा थोड्याच: बिजागरीची खाच, चौकटीचा सांधा. तिथं पटाशी. फळ्या फाडणं, जाडी काढणं, भोकं पाडणं या कामांत हाताचा आग्रह धरणं म्हणजे दुसऱ्याच्या घामावर आपली रसिकता पोसणं.

चार इंची ग्राइंडरशी मात्र माझं अजून जमलेलं नाही. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणारं ते यंत्र, त्याचं गार्ड काढून लाकूड कापायचं पातं लावतात, पायात चप्पल. आमच्या घरी मी त्याला साफ नाही म्हणतो, आणि काका आता त्यावर वाद घालत नाहीत.

लाकडाची बारीक धूळही साधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था तिला कर्करोगाच्या सिद्ध कारणांत धरते. म्हणून घर बांधायला किंवा दुरुस्तीला काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: सुतारानं कोणतं हत्यार वापरावं हे त्याच्यावर सोडा, आणि मास्क, चष्मा, गार्डसकट मशीन आणि शॉक लागताच वीज तोडणारा स्विच यांचे पैसे आपल्या अंदाजपत्रकात धरा. त्याच्या मजुरीतून ते कापू नका.