कोकराची शाळा

बॉस्टनहून पश्चिमेला निघालं की तासाभरात सडबरी येतं. गाडी भाचा चालवत होता. "एका खोलीची शाळा बघायला एवढं लांब? मामा, तुमच्या गावात नव्हती का?" होती की. पहिली ते चौथी, गुरुजी एकच. दुसरीचे पाढे चालले की आम्ही चौथीवाले खिडकीबाहेर बघत बसायचो. म्हणूनच तर यायचं होतं.

झाडांमध्ये लाल रंगाची लाकडी खोली, वर उतरतं छप्पर. दाराला कुलूप. दोन्ही तळव्यांचा आडोसा करून काचेला नाक लावलं, तेव्हा हळूहळू बाकं दिसू लागली, मग फळा. बाकं इतकी बुटकी, की माझे गुडघे हनुवटीला लागले असते.

ही शाळा मूळची इथली नव्हे. 1798 साली ती स्टर्लिंग गावात बांधली गेली. तिथल्या मेरी सॉयर नावाच्या मुलीमागून तिचं कोकरू शाळेत आलं आणि बाईंनी त्याला बाहेर घालवलं, अशी कथा. 'मेरीज लॅम्ब' ही कविता 1830 साली सारा जोसेफा हेल यांच्या पुस्तकात छापून आली. सुरुवातीची कडवी जॉन रोलस्टन या तरुणाने लिहिली, असं मेरी म्हातारपणी सांगत राहिली. सगळी माझीच, असं हेलबाई. शेवटपर्यंत दोघींपैकी कुणीच मागे हटलं नाही. आपल्याकडच्या बालवाड्यांनी मात्र कवी कोण, याची फिकीर न करता ती पाठ करून घेतली.

मेरीवर विश्वास ठेवला तो हेन्री फोर्डने. शाळा मोडून तिची लाकडं चर्चच्या आवारातल्या शेडला लागली होती. 1926 साली त्याने ती इथे आणवून पुन्हा उभी केली. शोभेला नव्हे, 1927 ते 1951 इथे खरोखरचे वर्ग भरले. तेही पहिली ते चौथी! हे वाचून मी भाच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

गंमत अशी, की अमेरिकेतल्या अशा शाळा मोडायला मोटारीचाही हातभार लागला. बस गावोगावची पोरं गोळा करून मोठ्या शाळेत नेऊ लागली, मग एका खोलीत चार इयत्ता कोण बसवणार? ज्याने मोटार घरोघर पोचवली, त्यानेच एक शाळा जपून ठेवली. बरं, शेजारची जुनी वेसाइड इन ही खाणावळ-धर्मशाळाही त्याने 1923 मध्ये विकत घेतली होती. दारावरून जाणाऱ्या मोटारींचा तिला त्रास नको, म्हणून पठ्ठ्याने पदरच्या पैशाने हमरस्ता बाजूला वळवला. मोटारवाल्याला मोटारींची कटकट!

आम्ही उभे होतो तो जुना रस्ता त्यामुळे शांत होता. भाच्याने काचेला मोबाइल लावून फोटो काढला. त्यात बाकांपेक्षा आमचीच तोंडं जास्त आली.