वरून पाहिलेला खानदेश

1852 साली खानदेशात इंग्रज सरकारची जमीनमोजणी आली तेव्हा सावदा-फैजपूर भागातल्या शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला. साखळी शेतातून फिरली की सारा वाढणार, ही त्यांची भीती होती. मला त्यामागे आणखी एक कारण दिसते. मोजणीदार कागदावर जे उतरवणार होता, ते बरोबर की चूक हे तपासण्याचे साधन त्या माणसांच्या हातात नव्हते. टिपण, फाळणी, गावनकाशा हे कागद आमच्या पिढीपर्यंत तसेच आले. रेघांच्या नकाशात मोजणाऱ्याला महत्त्वाचे वाटले तेवढेच उरते. बांधावरचा निंब, विहिरीकडे जाणारी पायवाट, नाल्याने खाल्लेला काठ यांना तिथे जागा नसते. हवाई छायाचित्रे जोडून केलेल्या नकाशात हे सारे राहते. म्हणूनच ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही ‘हे माझे शेत, आणि इथे तुमचे चुकले’ असे बोट ठेवून सांगता येईल असा हा पहिला नकाशा आहे, असे मी मानतो. त्याचा खरा उपयोग याच कामासाठी व्हायला हवा. प्रत्यक्षात मात्र तो आधी कुलुपात राहिला, आणि आता कुलूप निघाल्यावर त्याला न्यायाधीश करण्याची घाई चालली आहे.

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे म्हणतात. पण ते तयार कसे होते ते पाहावे. विमान समांतर पट्ट्यांत उडते आणि प्रत्येक फोटो पुढच्या फोटोवर साधारण 60 टक्के चढवलेला असतो. त्यामुळे जोडीने पाहिल्यावर जमिनीचा उंचसखलपणा दिसतो. पण एकेका फोटोत मध्यापासून दूर असलेली उंच जागा बाहेरच्या बाजूला सरकलेली असते. तापीकाठच्या सपाट काळ्या रानात, केळीच्या बागांत, याने फारसे बिघडत नाही. यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांच्या उत्तरेला सातपुडा चढू लागला की मात्र नुसते फोटो शेजारी शेजारी चिकटवून भागत नाही. जमिनीवरचे ठराविक बिंदू मोजावे लागतात, उंचीचा हिशेब घालून चित्र सुधारावे लागते. म्हणजे वरच्या चित्राला खालच्या पावलांची गरज अगदी सुरुवातीपासून असते. आपल्याकडे तर ही छायाचित्रे कित्येक दशके संरक्षण खात्याच्या परवानगीवाचून मिळत नसत. फेब्रुवारी 2021 मधल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ती बंधने बरीच सैल केली.

वरून पाहण्याचे मोल मी कमी लेखत नाही. धुळे-नंदुरबार पट्ट्यात लाव्ह्याच्या थरांना चिरत गेलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाईक म्हणतात. त्यांनी अशा दोनशेहून अधिक नोंदल्या असून त्यांतली सर्वांत लांब सुमारे 79 किलोमीटरची आहे. शेतातून चालणाऱ्याला ती एक टेकडी वाटते. तिची सलग ओळ वरूनच कळते. पण ती भिंत पाणी अडवते की भेगांमधून वाहू देते, हे साक्रीतल्या एखाद्या विहिरीत उतरल्याशिवाय समजत नाही. पांझरेकाठच्या फड बागायतीचेही असेच. बंधारा, पाट, एकाच पिकाचे फड हे चित्रात छान उमटते. पाण्याची पाळी कोणाची आणि ती कोण राखतो, हे उमटत नाही.

वरून पाहण्याच्या या मर्यादेची सर्वांत मोठी किंमत सातपुड्यातल्या आदिवासींनी मोजली. वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा ताबा दाखवायचा असतो. त्यासाठी जुनी उपग्रह छायाचित्रे पाहिली जातात. त्या काळच्या सर्रास वापरातल्या एका भारतीय उपग्रह कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटरचा चौरस होता, म्हणजे जवळपास साडेपाच गुंठे. एक एकराचा डोंगरउतारावरचा तुकडा म्हणजे सातेक ठिपके, आणि त्यातही मोहाची झाडे राखलेली. असा तुकडा चित्रात जंगलच दिसला तर नवल नाही. 2012 च्या सुधारित नियमांनी म्हणूनच स्पष्ट सांगितले की उपग्रहचित्रे इतर पुराव्यांना पूरक राहतील, त्यांची जागा घेणार नाहीत. गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो.

यावर आक्षेप येतो की माणसाची साक्ष फितवता येते, आणि 2005 नंतर जंगल तोडून केलेली अतिक्रमणे खरी आहेत. ती आहेतच. स्पष्ट, बारीक तपशिलाच्या तेव्हाच्या चित्रात दाट वन दिसत असेल तर तो दावा पडावा, असेच मी म्हणेन. मात्र ‘चित्रात जंगल दिसते’ आणि ‘चित्रात शेत दिसत नाही’ ही दोन विधाने एक नाहीत. दुसरे विधान कित्येकदा कॅमेऱ्याच्या दुबळेपणाबद्दल असते. दुसरा आक्षेप असा की खेड्यातल्या माणसांना ही चित्रे वाचता येणार नाहीत. सातपुड्याच्या गुजरातकडच्या अंगाला ‘आर्च वाहिनी’ या संस्थेने गावकऱ्यांसह जीपीएसने शेतांची मोजणी केली आणि ती उपग्रहचित्रांवर बसवून दाखवली. आपला नाला आणि आपली टेकडी लोक बरोबर ओळखतात.

गावठाणातल्या मिळकती ड्रोनने मोजण्यासाठी 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत तर वरचे चित्र खालच्या माणसांवाचून अपुरे असते, हे सरकारनेच मान्य केले आहे. ड्रोन उडण्याआधी गावकरी चुन्याची फक्की टाकून आपापल्या मिळकतीच्या हद्दी आखतात, कारण हद्द ही कॅमेऱ्याला दिसणारी वस्तू नव्हे. खानदेशात याची गरज अधिक. आमच्याकडे धाब्याची घरे भिंतीला भिंत लावून उभी. वरून पाहिले तर मातीचे एकच सलग छत दिसते, त्याखालची सामाईक भिंत भावाभावांतच ठाऊक असते. ती फक्की घाईत पडली, किंवा घरातली बाई शेतात आणि मुलगा सुरतेला असताना शेजाऱ्याने टाकली, तर चूक थेट मिळकत पत्रिकेवर जाते.

तेव्हा चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री इथल्या ग्रामसभांना माझी विनंती आहे. आपल्या गावाचे छायाचित्र मोठ्या आकारात छापून मागा, त्यावर तारीख आणि ठिपक्याचा आकार लिहून घ्या, ते चावडीवर लावा, आणि बायाबापड्यांसह सगळ्यांनी बोट ठेवून वाचल्याशिवाय कोणत्याही नकाशावर सही करू नका.